पाच एचपीची मोटार आणि एक रिकामी ओळ

मी, चंद्रकांता उर्फ परसराम दयाराम कापगते, वय बासष्ट, धंदा पाण्याच्या मोटारींचे वाइंडिंग, राहणार सौंदड, तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. साखर थोडी वाढलेली आहे, पण साखरेने माणसाची अक्कल जात नाही, असे त्यांनी मला तोंडी सांगितले. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. मला फूस लावण्याइतका वेळ या गावात कोणाकडे नाही.

आधार कार्डावर परसराम आहे. लिखाणात गेली आठ वर्षे चंद्रकांता आहे. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत आणि दुसरे नाव त्या माणसाला जास्त शोभते. पुढे कोर्टात कोणी 'ही चंद्रकांता कोण' असा प्रश्न काढला, तर उत्तर इथेच मिळावे म्हणून दोन्ही नावे लिहिली. सही दोन्ही नावांनी करीन.

१. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी सौंदडचे निवृत्त मुख्याध्यापक केशोराव डोंगरवार यांना नेमते. माझ्या कथांचे शुद्धलेखन तेच तपासतात. पहिली कथा मी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. बाईच्या जन्माला यायचे राहून गेलेल्या एका माणसाची ती कथा होती. गुरुजींनी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "ऱ्हस्व-दीर्घाचा पार चुथडा केलास." बाकी काही विचारले नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. असा माणूस व्यवस्थापक म्हणून मिळणे हे माझे नशीब आहे.

२. सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला असलेले माझे दुकान, त्यातले वाइंडिंगचे हातयंत्र, तांब्याच्या तारेची बंडले, चेनपुली, वार्निशचे डबे, तसेच सौंदड येथील माझ्या कमाईने बांधलेल्या दोन खोल्या, हे सर्व मी माझा पुतण्या उमेंद्र जागेश्वर कापगते, वय चोवीस, सध्या नागपूरला छापखान्यात नोकरी, यास देते. शाळेच्या दाखल्यावर ज्याचे नाव नीतू असे आहे, तोच हा. जागेश्वरला एकच अपत्य आहे, त्यामुळे घोटाळा होण्याचे कारण नाही. हे सर्व त्याला विचारून, त्याची लेखी परवानगी घेऊनच लिहिले आहे.

उमेंद्र मोटारींचे वाइंडिंग करणार नाही, हे मला ठाऊक आहे. दुकान भाड्याने द्यावे, विकावे, त्याची मर्जी. हातयंत्र तेवढे विकू नये. अंगणातल्या शेवग्याच्या शेंगांवर आणि नळाच्या पाण्यावर शेजारीण देवकाबाई पटले हिचा हक्क ती जिवंत असेपर्यंत राहील. तिने तीस वर्षे माझ्यासाठी जास्तीची भाजी केली आणि ती उरली म्हणून आणली, असे खोटे सांगितले.

३. माझ्या पेटीत तळाशी एक हिरवे नऊवारी लुगडे आहे. तरुणपणी मी गावच्या दंडारीत, म्हणजे रात्रीच्या नाचगाण्याच्या खेळात, बाईचे सोंग घेत असे. शेवटच्या वर्षीचे ते लुगडे मी परत केले नाही. मंडळाने चोरीचा आळ घेतला, तो खरा होता. आज कबूल करते. मला जाळताना तेच नेसवावे. नेसवण्याचे काम देवकाबाईने करावे, निऱ्या नीट पडल्या पाहिजेत. ज्यांनी दंडारीत त्या लुगड्याला शिट्ट्या मारल्या आणि दुसऱ्या दिवशी चौकात माझ्या चालण्याला हसले, त्यांना माझ्या मिळकतीतली सुईसुद्धा देऊ नये. यादी गुरुजींकडे आहे. निम्मे आधीच वर गेले, उरलेल्यांना तेराव्याचे जेवण मात्र वाढावे.

४. माझा मोबाइल कोणीही उघडू नये. तो सरळ उमेंद्रच्या हाती द्यावा. त्यात माझे गुपित नाही, माझे गुपित या कागदाने संपलेच. त्यात दुसऱ्यांची आहेत.

इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नसताना मी आमच्यासारख्यांच्या कथा शोधू लागले. इंग्रजीत सापडल्या, हिंदीत सापडल्या. त्यातल्या बायका विमानाने फिरायच्या, पण एकीलाही धानाची रोवणी करता येत नव्हती. मग मीच लिहायला बसले. हळूहळू आणखी लिहिणारे भेटले आणि आमचा एक गट झाला. आमच्या कोहळी खानदानाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. तलाव भरल्यावर जास्तीचे पाणी पाळ, म्हणजे बांध, न फोडता जिथून निघून जाते, तो सांडवा. गटाचे नाव मी तेच ठेवले. आज 'सांडवा'त त्रेसष्ट जण लिहितात. कोणी पुरुषाच्या अंगात अडकलेली बाई आहे, कोणी बाईच्या अंगातला पुरुष, कोणी दोन्ही नको म्हणणारे. एका पात्राने जांभूळ खाल्ले आणि तलाठ्याची तलाठीण झाली, ती कथा माझी. तिचे सातबारे मात्र वेळेवर निघू लागले.

आमचे नियम तीन. एक, खरे नाव-गाव विचारायचे नाही. दोन, कथेत स्वतःचे गाव लिहायचे नाही, दुसरीकडचे टाकायचे. तीन, नवे नाव घ्यायचे असेल तर ते आधी कथेत चालवून बघायचे. ज्याला नाव हवे, त्याने ते सांगावे. मग पाच जण त्या नावाच्या पात्रावर एकेक पान लिहितात. पाच पाने वाचूनही नाव अंगाला बसत असेल, तर ते त्याचे. 'चंद्रकांता' असेच चालवून घेतले आहे. पाचवे पान वाचून मी दुकानात एकटीच रडले. गिऱ्हाईक आले, तर वार्निश डोळ्यात गेले म्हणून सांगितले.

५. आता जे लिहायचे आहे, त्यासाठीच हा सगळा कागद आहे.

दोन वर्षांपूर्वी एक नवा मुलगा आला. 'उमेंद्र' हे नाव त्याला चालवून बघायचे होते. पहिले पान मी लिहिले. त्यात उमेंद्र सायकलवरून तलावाच्या पाळीने जातो आणि कोणी त्याला हाक मारून थांबवत नाही, एवढेच होते. पाच पाने वाचून त्याने ते नाव घेतले. मग त्याने आपली पहिली कथा पाठवली. नव्या कथेचे पहिले वाचन माझ्याकडे असते.

कथा नाशिककडच्या द्राक्षबागेतली. पंधरा वर्षांची मुलगी, म्हणजे खरे तर मुलगा, मावसबहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी काकाच्या दुकानातली कात्री आणून वेणी कापतो. बाप अंगणात सगळ्यांसमोर त्याला मारतो. काका तिथेच उभा असतो. तो दुरुस्त केलेली मोटार द्यायला आलेला असतो. तो काही बोलत नाही. तीन एचपीची मोटार तशीच परत खांद्यावर घेतो आणि निघून जातो.

मी लाल पेन्सिल घेऊन बसले. 'नाशिककडे बोडी म्हणत नाहीत, शेततळे करा,' असे लिहिले. तिथेच मला कळायला हवे होते. शेतातल्या तळ्याला बोडी आमच्याकडेच म्हणतात. पण गाव बदलायचा नियम माझाच, आणि तो पाळला की नाही हे बघण्यात मी इतकी गर्क होते की कथेतले गाव कोणते, हे पाहिलेच नाही. पुढे लिहिले, 'काकाचे पात्र पटत नाही. एवढा भेकड माणूस वाचकाच्या गळी उतरणार नाही. त्याला एक तरी वाक्य द्या.'

त्याचे उत्तर आले, "ताई, तो खरंच काही बोलला नाही. वाटल्यास ओळ रिकामी ठेवतो."

आणि त्याने ठेवली. कथेत आता असे आहे: 'काका म्हणाला,' आणि पुढे कोरी जागा. सोबत त्याने काकाचे थोडे वर्णन वाढवले. काकाच्या डाव्या अंगठ्याचे नख कायम लाल असायचे. वाइंडिंगचे लाल वार्निश लागले, असे तो सगळ्यांना सांगायचा. पण वार्निश रोज एकाच नखाला कसे लागेल, असे त्या पोराला नेहमी वाटायचे.

मी माझ्या डाव्या अंगठ्याकडे पाहिले. चाळीस वर्षे ते नख मी रंगवते आणि चाळीस वर्षे लोकांना वार्निश सांगते. एकानेही शंका घेतली नव्हती. माझ्या घरातल्या एका लेकराने सगळे पाहिले होते, मी कोण हे ओळखले होते, आणि मार खाताना ते माझ्याकडे बघत होते. ते का बघत होते, हे मला सात वर्षांनी कळले. मला स्वतःची लाज वाटली आणि ती अजून गेलेली नाही.

तीन दिवसांनी मी त्याला एकच ओळ पाठवली, "मोटार तीन एचपीची नव्हती, पाचची होती."

"ताई, तुम्हाला काय माहीत?"

"खांद्यावर मीच नेली होती."

अकरा दिवस उत्तर नाही. बाराव्या दिवशी नागपूरच्या बसमधून एक मिशी फुटलेला पोरगा माझ्या दुकानासमोर उतरला. पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाला, "आत्या, पाणी दे."

माफ केले, असे तो म्हणाला नाही. मीही विचारले नाही. पाणी दिले.

६. वडिलोपार्जित शेतीतला माझा हिस्सा मी माझा धाकटा भाऊ जागेश्वर यास देते. तो त्याला मिळावा, कारण नांगर त्याने धरला, मी नाही. अट एकच. हे मृत्युपत्र त्याच्याच अंगणात मोठ्याने वाचावे आणि वाचन संपेपर्यंत जागेश्वरने बसून राहावे. त्याने काही कबूल करण्याची गरज नाही. फक्त उठून जाऊ नये. उठून गेल्यास तो हिस्सा उमेंद्रला जाईल.

७. कथेतली कोरी ओळ उमेंद्रने अजून तशीच ठेवली आहे. ती भरण्याचा हक्क माझा आहे आणि मी तो बजावते. ती अशी लिहावी:

काका म्हणाला, "जागेश्वर, हात खाली घे. काऊन मारून राहिला त्याले? पोरगं आपलं आहे. ते जसं आहे, तशीच मी बी आहो."

'सांडवा' चालवण्याची जबाबदारीही उमेंद्रकडे जाईल. माझ्यासाठी तिथे शोकसभा नको. एकशे बारा भाग लिहूनही अपुऱ्या राहिलेल्या माझ्या कथेतली राणी अर्ध्या रस्त्यात उभी आहे, तिला कोणीतरी घरी पोचवावे.

पुरवणी. वरील मजकूर बुधवारी दुकानात गुरुजींनी वाचून दाखवला. साक्षीदार म्हणून देवकाबाई आणि शेजारचा पंक्चरवाला कैलाश हरिणखेडे हजर होते. कैलाशने पेन उघडला. देवकाबाईने पदर खोचला.

"मी नाही करत सही," ती म्हणाली. "मेल्यावर बोलशीन काय तू? तवा मोटार उचलून पळाली, आता तिरडीवर बसून पळून राहिली."

"तुले काय करायचं? तू सही कर."

"जित्यापणी बोल. मंग पाहू सहीचं."

मी पुष्कळ कारणे सांगितली. साखरेचे सांगितले, लोकांचे सांगितले. ती शेंगा मोडत बसून राहिली. खरे म्हणजे ती बरोबर बोलत होती. गुरुजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "काकाचं पात्र अजून पटत नाही, चंद्रकांता." त्यांनी मला त्या नावाने पहिल्यांदाच हाक मारली.

म्हणून कलम सहामध्ये दुरुस्ती करते. हे मृत्युपत्र माझ्या मृत्यूनंतर वाचण्याची वाट पाहू नये. येत्या रविवारी जागेश्वरच्या अंगणात मी स्वतः उभी राहून ते वाचीन. हिरवे लुगडे नेसून वाचीन. उमेंद्र सोबत राहील. सह्या तिथेच होतील.

व्यवस्थापकाची नोंद. आज रविवारी लिहून देणार व्यक्तीने सर्व कलमे आमच्यासमक्ष, खणखणीत आवाजात वाचली. कलम सातमधील वाक्य तिने कागदाकडे न पाहता, भावाकडे पाहून म्हटले. त्या वेळी जागेश्वर उठला आणि फाटकापर्यंत गेला. तिथे कडी काढली, पुन्हा लावली, मग परत येऊन आपल्या जागी बसला. तो बसून राहिला असेच धरण्यात यावे, असे लिहून देणाऱ्या व्यक्तीने सांगितले. काही हरकत आहे काय, असे मी जागेश्वरला रीतसर विचारले. त्याने मान खाली घालून एवढेच म्हटले, "मोटार पाचचीच होती." ती हरकत नसल्याने नोंदवून घेतली.
केशोराव डोंगरवार

लिहून देणार: चंद्रकांता कापगते
उर्फ परसराम दयाराम कापगते

साक्षीदार:
१. देवकाबाई पटले, राहणार सौंदड
२. कैलाश हरिणखेडे, राहणार सडक अर्जुनी

ठिकाण: जागेश्वरचे अंगण, सौंदड
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५