पंपघर क्रमांक दोनवर घरचा डबा पोचू देण्याबाबत

दिनांक : २० ऑगस्ट १९८३

प्रति,
मा. कामगार कल्याण अधिकारी,
सह्यधारा कागद कारखाना,
नाशिक.

विषय : माझे पती श्री. निवृत्ती देवरे, पंपचालक, यांचा घरचा डबा कँटीनच्या जीपमधून नदीवरच्या पंपघरापर्यंत नेऊ देण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांना आलेले एकच उत्तर.

महोदय,

मी खाली सही करणारी, सातपूर कॉलनीत राहणारी, बी. ए. झालेली, दोन वर्षांच्या मुलीची आई, आपणांस विनंतीपूर्वक कळवते की, लग्न होऊन देवळ्याला सासरी गेले तेव्हा सासूबाई सगुणाबाई यांनी मला चुलीपुढे बसवून बजावले होते, "त्याले शेंगदाना सोसस नही, पोरी. ध्यानमा ठेव." मी मान हलवली आणि नाशिकला बिऱ्हाड केल्यावर भाजीत कूट घालू लागले. दाणा न सोसणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. ह्यांना विचारले तर म्हणाले, "लहानपणी ओठ सुजायचे म्हणे. आता काय मी लहान आहे?" विषय तिथेच संपला.

१. माझ्या पतींना बऱ्याच दिवसांपासून छातीत जळजळ होते, घशाशी आंबट येते, जेवताना घास मध्येच अडकतो. पाठीशी उशा रचून ते बसल्या बसल्या झोपतात. कारखान्याच्या दवाखान्यात याची नोंद 'आम्लपित्त' अशी असून पांढऱ्या गोळ्या मिळतात. गोळी विरघळेपर्यंत बरे वाटते. ते सोमवार करतात, आणि त्रास सोमवारीच सर्वात जास्त होतो. तेव्हा सर्वांनी, म्हणजे डॉक्टरांनी, शेजाऱ्यांनी आणि मीही, उपवासाला बोल लावला. रिकाम्या पोटी पित्त खवळते हे कोणालाही पटते. उपवासाच्या ताटात काय असते, हे मात्र कोणी पाहिले नाही. साबुदाण्याची खिचडी, तीत कूट. वरईचे तांदूळ, त्यांवर दाण्याची आमटी. म्हणजे ज्या दिवशी पोट रिकामे समजायचे, त्या दिवशी ते दाण्यांनीच भरलेले असायचे.

२. गेल्या आषाढात मुलीने माझ्या ताटातली खिचडी खाल्ली. बघता बघता तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. तिला मांडीवर घेऊन बसले असताना समोर जेवणाऱ्या ह्यांच्याकडे लक्ष गेले. ते मनगटाने ओठ चोळत होते. ते नेहमीच चोळतात. मी ती त्यांची लकब समजत होते. तेव्हा कुठे सासूबाईंचे वाक्य आठवले.

मी मुलीला आणि ह्यांना, दोघांनाही शहरातल्या डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले की, प्रत्येक जळजळ काही वावड्यामुळे होत नाही, पण एखाद्या पदार्थाचे वावडे, म्हणजे ॲलर्जी, असेल तर मोठ्या माणसालाही अन्ननलिका सुजून पित्तासारखाच त्रास होऊ शकतो, आणि मग नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. दाणा बंद करा. ओठ सुजले किंवा श्वास अडला तर घरी वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा. घरातून दाणा हद्दपार केला. त्यानंतर हे सुट्टीच्या आठवड्यात आडवे होऊन झोपले. मला वाटले, सुटलो.

३. परंतु कामावर डबा चालत नाही. पंपघरात उंदरांनी तारा कुरतडल्यापासून सर्व डबे गेटवर ठेवण्याचा नियम झाला आहे. पंपचालकाला जागा सोडता येत नाही, म्हणून त्यांचे ताट कँटीनची जीप नेते. मी रोज डबा देते, तो गेटवर दिवसभर बसून भरलेलाच घरी परत येतो.

४. याबाबत पहिला अर्ज केला असता उत्तर आले की, डबा ही खासगी वस्तू असून जीप कँटीनच्या मालासाठी आहे; तथापि कामगाराचे आम्लपित्त लक्षात घेता त्यास उपाशी न ठेवण्याची सूचना कँटीनला दिलेली आहे. त्या सोमवारपासून त्यांना खिचडी दुप्पट मिळू लागली. दुसऱ्या अर्जात मी स्पष्ट लिहिले की, प्रश्न उपाशी राहण्याचा नसून शेंगदाण्याचा आहे. उत्तर तेच आले, अक्षरही तेच. फक्त ताटात दाण्याचा लाडू वाढला. जीपबरोबर जाऊन ताट वाढणाऱ्या भिमाबाई मनाने फार चांगल्या आहेत. त्या ह्यांना म्हणतात, "दादा, वहिनी एवढे अर्ज करत्यात, खा की पोटभर!"

५. नको म्हणा, असे मी रोज सांगते. ते हो म्हणतात आणि खाऊन येतात. त्यांचे म्हणणे, "साहेबांनी सांगून वाढलेलं ताट परत कसं पाठवू? आणि दाण्यानं कोणी मेलंय का कधी?" गेल्या सोमवारी घरी आले तेव्हा ओठ जाड झाले होते आणि आवाज फडक्यातून आल्यासारखा येत होता. दवाखान्यात चला म्हटले तर म्हणाले, "पित्त वाढलंय, एवढंच."

महोदय, मी आता थकले आहे. मला नवे काही मागायचे नाही. पहारेकरी भांडी तपासतो तेवढा वेळ जीप गेटवर थांबतेच. तेवढ्यात निळ्या फडक्यातला डबा तीत ठेवता येईल. ते नियमात बसत नसेल तर उपवासाला केळी आणि दूध द्यावे. तेही नसेल, तर देवरे यांनी दाणा खाऊ नये असा लेखी हुकूम काढावा. हुकूम ते मोडणार नाहीत.

उत्तराची नव्हे, रिकाम्या डब्याची वाट पाहणारी,

आपली नम्र,
सौ. हेमलता निवृत्ती देवरे

सोबत :
१) शहरातील डॉक्टरांची चिठ्ठी.
२) आधीच्या दोन्ही अर्जांच्या नकला.
३) आलेले उत्तर, दोन प्रती.

ता. क. : अर्ज घेऊन गेटवर आले तर शिपाई बारकू म्हणाले, "साहेब मंगळवारी येतील, ताई. टपालात ठेवून देतो." सोमवार मध्येच आहे. म्हणून पाकीट चिकटवलेले नाही. हा कागद ज्यांच्या हाती पडेल, ते कोणीही असोत, त्यांना माझी विनंती आहे. मी स्वतः गेले असते, पण मला गेटच्या आत सोडत नाहीत. सोमवारी जेवणाची जीप परत आली की आपल्यापैकी कोणीतरी पंपघर क्रमांक दोनवर जाऊन यावे. फोन करू नये. फोनवर ते ठीक आहे म्हणतील, नेहमी तेच म्हणतात. आणि काहीच बोलले नाहीत, तर पंपाच्या आवाजात ऐकू आले नसेल असे आपणांस वाटेल. कृपया दारात उभे राहून त्यांना नावाने हाक मारावी, आणि त्यांचे ओठ पाहावेत.