नुसतं ऐकायचा कोर्स मला नको

मंगळवार, मगरिबची नमाज झाल्यावर

शेवटी घेतलाच. स्पॅनिशचे तीन कोर्स चाखून बघितले, त्यातला तिसरा, बोलायला लावणारा. दीर फुगून बसलाय, बसू दे.

पहिल्या कोर्सात दर उत्तराला मोबाइलवर बोट लावायचं. कोळंबी सोलताना दोन्ही हात बरबटलेले, बोट लावणार कधी? दुसऱ्यात नुसतं ऐकायचं. तिसऱ्यातली बाई मात्र प्रश्न विचारते आणि थांबते, आपण मोठ्याने उत्तर द्यावं म्हणून.

आज कामावर शेडमध्ये कोळंबी सोलता सोलता इयरफोन लावून त्याचा नमुन्याचा धडा ऐकत होते. ती थांबली आणि मी खणखणीत उत्तर दिलं. सगळ्या बायका खो खो हसल्या. रेहाना म्हणाली, "हिला झपाटलंय की काय!"

मी घरी येईपर्यंत बातमी आधीच पोहोचलेली. सलीम, माझा दीर, दुबईहून सुट्टीवर आलाय. म्हणतो, "भाभी, अरबी शिका, उपयोग तरी होईल. स्पॅनिशच हवी तर तो ऐकायचा कोर्स घ्या. चारचौघांत तमाशा कशाला?"

उपयोग! हा दिवसभर लोळून क्रिकेट बघतो, त्याचा उपयोग मी कधी विचारला? मला ती भाषा कानाला गोड लागते. एवढं पुरे नाही?

आणि खरं सांगायचं तर त्या कोर्सातल्या बाईचं ते थांबणं. तेवीस वर्षं झाली या घरात येऊन. मला काही विचारून माझ्या उत्तरासाठी इतकं कोण थांबलंय?

उद्या इयरफोन घरीच ठेवणार. मोबाइल स्पीकरवर लावते. ती थांबली की अख्ख्या शेडला कळू दे, आता माझी बोलायची पाळी आहे.