अर्धं संत्रं

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. दोनदा लिहायला बसलो आणि तसाच उठलो. तुझा गुडघा कसा आहे? झोपताना गॅस बंद केला का ते बघत जा.

आम्ही दोघं लेकाकडे सुखरूप आहोत. रविवारी त्याने घाटातल्या धबधब्यावर नेलं. अगदी रस्त्याच्या कडेलाच आहे. पाणी छान, गर्दी फार. लेक गाडी लावायला गेला. पायऱ्या शेवाळलेल्या, म्हणून मी तुझ्या भावजयीचा हात घट्ट धरून उभा होतो.

ती मला म्हणाली, "तुम्ही भले दिसता हो. आमचे हे गाडी लावायला गेलेत. ते येईपर्यंत थांबाल का?"

मी म्हटलं, "थांबतो की."

मग तिने संत्रं सोललं. अर्धं मला दिलं आणि अर्धं ह्यांच्यासाठी म्हणून रुमालात बांधून ठेवलं.

लेकाला सांगितलेलं नाही, उगाच धास्ती घेईल. तूही घाबरू नकोस, तिचं जेवणखाण ठीक आहे. तुझं नाव काढलं की अजून दचकून उभी राहते, म्हणजे तू लक्षात आहेस. तेव्हा तिच्या नावाने चार ओळी लगेच धाड. मी तिचा कोण, तेही त्यात लिही. तुझं ती ऐकते.

तुझा धाकटा भाऊ