जंगलात काही नाही

१२ सप्टेंबर १९३८

बाबांनी सकाळी एक्केचाळीस अळंब्या आणल्या. कुठे सापडल्या? — "जंगलात." चाळीस वर्षं हेच उत्तर. आई गेली, तिलाही जागा सांगितली नाही. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणतात, "कुठलं काय, सगळं वाळलंय, किडेच किडे." आमच्या बोहेमियात अळंबीच्या जागेबद्दल खरं बोलणाऱ्याला वेडा म्हणतात. बाबा तर सरपंच!

संध्याकाळी रेडिओवर न्यूरेंबर्गच्या नाझी सभेतला आरडाओरडा. आमच्या देशातल्या जर्मनांचे फार हाल चाललेत म्हणे. गावातला एकुलता एक जर्मन, घड्याळवाला, ऐकायला आमच्याकडेच बसला होता. बिअर संपवून म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही."

२४ सप्टेंबर

सैन्यभरती. व्लास्ताताईचा नवरा बोहुमिल जंगलखात्यातला गार्ड, तोही सीमेवरच्या बंकरवर गेला. सगळे गात गेले. बाबांनी त्याच्या खिशात सुकवलेल्या अळंब्या कोंबल्या. फ्रान्स आणि इंग्लंड पाठीशी आहेत, असं सगळे म्हणतात.

१ ऑक्टोबर

म्युनिकला फ्रान्स-इंग्लंड धरून चार देशांचे पुढारी बसले आणि आमचा सीमाभाग जर्मनीला देऊन उठले. आमचे दोघे प्रतिनिधी हॉटेलच्या खोलीत वाट बघत होते, त्यांना नंतर नकाशा दाखवला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! इंग्रज पंतप्रधानांनी विमानातून उतरून कागद फडकवला — शांतता आली म्हणे. बरं झालं, कुठे आली तेही कळवा.

११ ऑक्टोबर

बोहुमिल परतला. एकही गोळी न झाडता बंकर जर्मनांना दिला, चाव्यांची पावती मात्र घेतली. जेवला नाही.

२८ ऑक्टोबर

देश स्वतंत्र झाला त्याला आज वीस वर्षं. सोहळा रद्द. त्याऐवजी सीमा आखणारी समिती आली — दोन जर्मन, एक आपला कर्नल, एक इंग्रज. मी पोस्टात जर्मन पत्रं हाताळते, म्हणून दुभाषी मीच.

नकाशावर आमचं जंगल. त्याच्या मध्यावर ताईचं घर. जर्मन अधिकाऱ्याने बाबांना विचारलं, "या जंगलातून गावाला काय मिळतं?"

बाबा क्षणभरही थांबले नाहीत. "काही नाही साहेब. वाळकं रान. किडेच किडे."

मी शब्द न् शब्द सांगितला. त्याने लिहून घेतलं — गावाला निरुपयोगी — आणि पेन्सिलीची रेघ जंगलाच्या पलीकडून अलीकडे आणली. कर्नल खिडकीबाहेर बघत राहिला. इंग्रजाने चौथा कोलाच, आमचा सारणाचा गोड पाव, खाल्ला, छान झालेत म्हणाला.

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "रुझेना, मी काय बोललो?" मला रडू आलं. मी का नाही थांबले? नुसतं 'लाकूडफाटा' म्हटलं असतं तरी!

२१ नोव्हेंबर

ताई आणि बोहुमिल हातगाडीवर गाद्या घालून आले. दारातच म्हणाली, "अळंब्या वाचवल्यात बाबा, आता मला कुठे ठेवताय?"

२४ डिसेंबर

नाताळची जवाची खिचडी. ताईने एकेक अळंबी वेचून ताटाच्या कडेला ठेवली. बाबा बघत बसले.

१५ मार्च १९३९

बर्फात जर्मन रणगाडे. उरलेला देशही गेला! सप्टेंबरात जर्मन म्हणाले होते, ही शेवटची मागणी. लंडनला खेद वाटला म्हणे.

जंगलाजवळचं सीमेचं फाटक मात्र काढलं नाही. दोन्ही बाजूंना आता जर्मनच, एकमेकांचे कागद तपासतात. बाबांना सरपंचपदावरून काढलं.

२० ऑगस्ट

बाबा पहाटे गायब. आम्ही भीतीने अर्धमेल्या. नऊला आले — गुडघे चिखलाने माखलेले, टोपली भरलेली. फाटकाखालून सरपटत गेले होते, बासष्टाव्या वर्षी! ताईपुढे टोपली ठेवली. तिने एक अळंबी उचलून उलटसुलट पाहिली. मग सुरी घेतली. "कुठे मिळाल्या?"

"जंगलात."

ताई हसली. दहा महिन्यांनी.

पेपरात आता पोलंड. तिथल्या जर्मनांचे फार हाल चाललेत म्हणे.

१ सप्टेंबर

पहाटे पोलंडवर हल्ला. दुपारी दोन जर्मन अटकेची यादी घेऊन दारात — यादीत शाळेचे मास्तर आणि माजी सरपंच.

बाबांनी कोट घातला. उंबऱ्यावर थांबून ताईला म्हणाले, त्यांच्यासमोर, मोठ्याने — "तुझ्या घरामागचं तिसरं बर्चचं झाड. तिथून ओढ्याकडे चाळीस पावलं. दगडाच्या उत्तरेला."

जर्मनाने मला विचारलं, काय म्हणतोय हा?

मी भाषांतर केलं — "त्या जंगलात काही नाही, म्हणतात. किडेच किडे."