उजव्या कोपऱ्यातली जागा

१९ जानेवारी ५८, रवि.
गिरणीचा पट्टा तुटला. दळणाला आलेल्या बाया दुपारपर्यंत ताटकळल्या आणि जाताना माझा यथेच्छ उद्धार करून गेल्या. संध्याकाळी हुतूतूची पोरं दारात. सातही जण चुळबुळत उभे. शेवटी शिवानं तोंड उघडलं, "अण्णा, मैदानावर फक्की मारून रेघा आखू का? चैतात येरमाळ्याची जत्रा हाय."
भाद्रपदात याच संघाची बैलगाडी सामना खेळून येताना तेरणेच्या पुरात गेली. हे सात काठाला लागले. माझा धाकटा भाऊ नामदेव आणि अमीनाचाचीचा करीम, दोघं गेले. तेव्हापासून मैदानावर कडबा पडलाय. संघ मी उभा केलेला, म्हणून विचारायला माझ्याकडेच.
"आधी कडबा कुणाचा ते बघा," एवढंच म्हणालो. पोरांनी तोच होकार धरला. धरू देत.

२ फेब्रु.
मारुतीच्या पारावर बैठक. खेळायचं ठरलं. पण नऊ गडी लागतात, दोन कुठले आणायचे? इथंच घोडं पेंड खात होतं. मीच म्हणालो, नाम्याच्या आणि करीमच्या जागेवर वर्षश्राद्ध होईपर्यंत कुणी उभं राहायचं नाही. सातच खेळतील.
पाटलांचे तात्या म्हणाले, "बराबर हाय. गडी गेला न् लगीच त्याची जागा दुसऱ्याला? वरीस हुस्तोर न्हाय."
सगळ्यांनी माना डोलावल्या. बरं वाटलं. घरी आईला सांगितलं, ती ऐकून घेऊन चुलीकडे गेली.

११ फेब्रु.
सराव बघितला, लांबून. पोरं चपळ आहेत. पण एक गंमत, गंमत कसली म्हणा... धावताना उजवा कोपरा आला की पाय आखडतात. नाम्याची जागा ती. तिथं कुणाचा पाय पडत नाही. मधे करीमची जागा, तिला वळसा. आखलेल्या मैदानात दोन विहिरी असल्यासारखी खेळतात.
कुणाला बोललो नाही. नियम माझाच.

६ मार्च, धुळवड
शेजारच्या गावी सामना. जिल्हा मुंबई राज्यात गेल्यापासून पंचाला शिट्टी आली आहे, जरा काही झालं की फुंकतो. आमचे सात, त्यांचे नऊ. त्यांच्या कप्तानानं विचारलं, दोघं कुठायत? शिवानं सांगितलं. तो गडी गेला आणि आपले दोन गडी बाहेर बसवून आला. भला माणूस.
तरीही सपाटून हरलो. त्यांचा प्रत्येक गडी दम भरून सरळ उजव्या कोपऱ्यात यायचा आणि तिथून शेजारच्याला हात मारून निघून जायचा. अडवायला तिथं कोण? हात दाखवून अवलक्षण.
परतताना गाडी नदीत उतरली तशी पोरांनी गाडीच्या दांड्या घट्ट धरल्या. पोरं दुसऱ्यानं दया खाऊन दिलेला सामना खेळली, तो माझ्यामुळं. राग आलाय. कुणाचा ते कळत नाही, म्हणून सगळ्यांवर काढतोय. हिनं भाकरी वाढली, तिच्यावरही काढला.

२१ मार्च, पाडवा
गुढी नाही उभारली, यंदा नसतेच. गिरणी मात्र चालू ठेवली, कारण रमजान लागतोय, मोहल्ल्यातली दळणं होती. अमीनाचाची स्वतः आली, डोक्यावर गव्हाचं गाठोडं. भाद्रपदापासून आम्ही एकमेकांसमोर नीट उभे राहिलो नव्हतो. मी गाठोडं उतरवून घेतलं.
"बेटा, मैदानात करीमची जागा रिकामी ठिवलीस म्हनं?"
"त्याच्या मानासाठी, चाची."
"मान! घरातली जागा रिकामी हाय ती बस न्हाय का? अजून मैदानात बी ठिवायची? करीमच्या खाटंवर आता धाकटा रसूल झोपतो. आधी मीच झोपू देत नव्हते. मंग म्हनलं, पोरगं खाली जमिनीवर न् खाट मोकळी, ह्यात करीमला काय मिळतंय?"
इंजिनाच्या आवाजात तिला ओरडून बोलावं लागत होतं. रांगेतल्या सगळ्या बायांनी ऐकलं.
"रसूलला घ्या तुम्ही. दम चांगला हाय त्याचा. रोजा धरून खेळंल." मग पीठ घेताना, "जाड दळलंस रे."
दिवसभर तिच्यावर चरफडलो. माझ्या भावाचं मी बघेन, तिनं तिच्या मुलाचं बघावं. असं म्हटलं खरं. पण चाची खरं बोलली.

२३ मार्च
आईला विचारलं, नाम्याच्या जागी कुणी उभं राहिलं तर चालेल का?
म्हणाली, "धोंडीला उभा कर."
धोंडी धनगर. पुरात उडी टाकून नाम्याला बाहेर काढला तो यानंच. जीव गेला होता, तरी खांद्यावर घालून घरापर्यंत आणला. तेव्हापासून तो समोरून आला की मी गल्ली बदलतो. त्याचा काडीचा दोष नाही. पण तो दिसला की तो खांदा दिसतो.
"त्याचंच नाव कसं सुचलं?" विचारलं.
"रोज येतो की दूध घालायला. तू गिरणीत गेलास की येतो."
म्हणजे तोही माझ्यासारखाच गल्ली बदलत होता.

२४ मार्च
पुन्हा पारावर. नियम मोडतोय असं सांगितलं. तात्या उखडले, "तूच तर म्हनला व्हतास!"
"म्हणालो होतो, तात्या. चुकलो. आता नाही म्हणत."
"गाव हसंल."
"हसू द्या. गावात हसू ऐकून सहा महिने झाले."
तात्यांनी तंबाखू मळली, थुंकले आणि म्हणाले, "मंग कोपऱ्यात दांडगा गडी बघा, काडीपैलवान नको." माणूस वाईट नाही.

२५ मार्च
धोंडीच्या वाड्यावर गेलो. मेंढरं बसवत होता. मला बघून काठी खाली टाकली.
"अण्णा, म्हनलं माझ्यावर राग हाय तुमचा. म्या उशिरा उडी टाकली म्हनून."
हा माणूस इतके महिने हे घेऊन हिंडत होता. मी म्हणालो, "तू आणलास म्हणून तो घरी आला रे. नाहीतर..." पुढं जमलं नाही. तोही रडला, मीही. मेंढरं बघत होती.
मग खेळाचं विचारलं.
"म्या तिथं उभारलो तर तुमास्नी बघवंल का?"
"ते तिथंच कळेल," म्हणालो.
परतताना अंगातून ओझं उतरल्यासारखं वाटलं. भूक लागली, कितीतरी दिवसांनी.

४ एप्रिल, चैत्र पौर्णिमा
जत्रेला दाटी. देवीचं दर्शन उरकून मैदान गाठलं. नऊ गडी. नऊ! रसूलचा रोजा. ऊन मी म्हणतंय, आणि पोरगं पाण्याच्या घागरीकडं बघतसुद्धा नाही. बाकीचे आठ देवळामागं जाऊन चोरून पाणी पिऊन येत होते, त्याला दिसू नये म्हणून. त्याला सगळं ठाऊक. म्हणाला, "तोंड तर पुसून या रे."
खरं लिहितो. पहिला बराच वेळ मी कोपऱ्याकडं बघितलंच नाही. फुगेवाला बघितला, पंच बघितला, रसूलची चढाई बघितली. आवाज कोरडा, पण दम तुटेना. मग समोरच्या संघाचा तगडा गडी सरळ आमच्या उजव्या कोपऱ्यात घुसला आणि बघावंच लागलं. धोंडीनं झेप घेतली, घोटा धरला, तो गडी त्याला ओढत चालला. आणि मी ओरडलो,
"नाम्या, सोडू नकोस!"
आजूबाजूची माणसं वळून माझ्याकडं बघू लागली. आमची पोरं जागच्या जागी. मला वाटलं, घालवलं मी सगळं.
धोंडी तोंड मातीत, पण ओरडला, "न्हाय सोडत, अण्णा!"
मग आठही जण धावले. सगळे कोपऱ्यात. त्या जागेवर, एकमेकांच्या अंगावर, धुळीत. त्या गड्याचा दम तिथंच तुटला.
जिंकलो. सूर्य बुडाला तसं तात्यांनी स्वतःच्या हातानं रसूलला खजूर दिला. उद्या देवीसाठी चुनखडीचे खडे वेचायचा सोहळा झाला की शेवटचा सामना. समोर धुळवडीचंच गाव. त्यांचा कप्तान येऊन म्हणाला, "आता कुणाला बसवणार न्हाय हां." म्हणालो, बसवून तर बघ.

५ एप्रिल, सकाळी
धोंडीचा खांदा सुजलाय. आईनं हळद लावली, तो खेळायचं म्हणतो. रसूलचा आज पुन्हा रोजा. समोरचे तगडे आहेत. काय होईल सांगता येत नाही.
आईनं विचारलं, "काल नाम्याच्या नावानं ओरडलास म्हनं?" शिवानं चुगली केली असणार. हो म्हणालो. लाज वाटली.
ती म्हणाली, "आज मी येते. देवीसाठी खडे वेचीन, मग बसंन मैदानाकडंला. मला बी ओरडायचं हाय."
नदीत पाणी नाही, नुसती वाळू आहे. तरी गाडीत मी तिच्याजवळच बसणार. बैल जुंपलेत, चाची वाटेत चढणार आहे. आई हाक मारतेय, जातो.