मासोळीच्या गोष्टीतली टोपलीवाली

आये, गेल्या महिन्यात माझ्या नावाचं एक पार्सल ऑफिसात आलं. मी आता पालघरजवळ कोळगावला, जिल्ह्याच्या मोठ्या इमारतीत कारकून आहे. ती इमारत उभी राहिली तेव्हा तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, म्हणून सांगते. पार्सलात माझं पुस्तक होतं. लहान मुलांचं, बत्तीस पानांचं. गोष्ट माझी, चित्रंही माझीच. मागच्या बाजूला प्रकाशकांनी छापलंय, ‘निसर्गावर माया करायला शिकवणारी गोष्ट’. मी ते लगेच उघडलं नाही. नव्या कागदाचा वास घेत बसले. खिडकीबाहेर दुपारचं पांढरं ऊन पसरलं होतं, पंखा फिरत होता, आणि मला एकाएकी खाडीकाठच्या नवापूरच्या आपल्या अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला. असं हल्ली होतं. मी ऑफिसात असते आणि त्याच वेळी आपल्या अंगणातही असते.

शनिवारची सकाळची शाळा सुटलेली आहे. बाईंनी पत्र्याच्या पेटीतून एकेकाला एकेक पुस्तक दिलंय, सोमवारी परत आणायच्या बोलीवर. मी दप्तर न उतरवताच अंगणात येते. तू दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या बांबूवर टाकते आहेस. न बघताच म्हणतेस, “वाच.” तुला अक्षर येत नव्हतं, पण गोष्टीत काही चुकलं की तुझ्या कानाला ते लगेच लागायचं. पेटीतली बहुतेक पुस्तकं झाडं लावा, पाणी जपा, चिमणीला दाणे घाला अशी असायची. एका पुस्तकात अस्वल सगळ्या प्राण्यांची सभा भरवून सशाला पाणी वाया घालवू नको म्हणून समजावतं. तू हात थांबवलास. “ससा कवा पानी सांडतं गो? सांडतात ती मानसं. मग त्या बिचाऱ्याला कशाला सांगतात?” मी हसले, पण सोमवारी पुस्तक परत करताना ते मला पहिल्यासारखं आवडत नव्हतं. समुद्राची चित्रं मी तुला दाखवायचे तेव्हा तू मान तिरकी करून बघायचीस. “आपली खाडी अशी निळी कवा हाय?” म्हणायचीस. एकदा मी विचारलं, आपल्या खाडीतलं तिवराचं झाड कुठल्याच पुस्तकात का नाही? तू म्हणालीस, “चिखलात उभं र्‍हातं ना ते. चित्र काडनाऱ्याचे पाय भरतील.” पुढचा बोंबील उचलताना तू स्वतःशीच हसलीस, आणि ते हसू मला अजून जसंच्या तसं दिसतं.

मी सातवीत होते तेव्हा तालुक्याची स्पर्धा लागली. पर्यावरणावर आठ पानांचं पुस्तक मुलांनी स्वतः लिहायचं, स्वतः रंगवायचं. मी मासोळीची गोष्ट लिहिली. मासोळीची आई प्लास्टिकची पिशवी खाऊन मरते आणि मासोळी तिला शोधत सगळी खाडी पालथी घालते. आता पिशवी कोणीतरी फेकायला हवी होती. पुस्तकांत कोणीतरी एक वाईट असतं, आणि चित्रात ते चटकन ओळखू येतं, एवढं मला वाचून वाचून कळलं होतं. मी एक बाई काढली. घट्ट नेसलेलं लुगडं, अंबाड्यात फूल, डोक्यावर टोपली. बाईंनी माझ्या खांद्यावरून चित्र बघितलं.

“ही कोण गं?”

“कोणी नाही.”

“मग अशी का काढलीस?”

“मला अशीच येते.”

“अजून दोन दिवस आहेत,” त्या म्हणाल्या. “बदलावीशी वाटली तर बदल.” मी बदलली नाही. टोपलीची वीण फार छान जमली होती.

बोईसरला एका शाळेच्या सभागृहात बक्षीससमारंभ होता. तू सकाळचा बाजार लवकर आटोपून तशीच आलीस. रिकामी टोपली दाराबाहेर पालथी घातलीस, नळावर हात घासून घासून धुतलेस आणि शेवटच्या रांगेत बसलीस. मला पहिलं बक्षीस मिळालं. पाहुण्यांनी माझं पुस्तक हातात धरून मोठ्याने वाचलं. टोपलीवालीने पिशवी खाडीत फेकली आणि मागे वळूनही पाहिलं नाही, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग चित्र सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाले, आपल्या मासे विकणाऱ्या भगिनींनी या लहान मुलीकडून शिकण्यासारखं आहे. पुढच्या रांगांतली काही मुलं वळून मागे बघायला लागली. तिथे तशी तू एकटीच होतीस. टाळ्या सुरू झाल्या. तूही वाजवल्यास, सगळ्यांच्या नंतर, आणि सगळे थांबले तरी तुझे हात अजून वाजत होते.

नवापूरच्या बसमध्ये आपण दोघी उभ्या होतो. माझ्या हातात रंगपेटी. बाहेर कारखान्यांच्या भिंती, त्यांच्यामागे चिमण्या, मग हळूहळू भातखाचरं, ताडाची झाडं. तू खिडकीबाहेर बघत विचारलंस, “ती टोपलीवाली मी हाय काय?”

मी म्हटलं, “बाईंनी सांगितलं तसं लिवलं.”

इतकं सहज आलं ते तोंडातून. तू मान हलवलीस.

सोमवारी तू शाळेच्या दारात उभी. बाई घाटावरच्या होत्या, तरुण होत्या, गावातच खोली घेऊन एकट्या राहायच्या. आल्या तेव्हा त्यांना कोलंबी सोलता येत नव्हती. तू शिकवलीस, आणि मग दर शुक्रवारी आपल्या घरून त्यांना कोलंबी जायची. त्या हसून पुढे आल्या. तू हसली नाहीस.

“बाय, पोरीला ते चित्र तुमी काडायला सांगितलंत?”

मी दुसऱ्या बाकावर होते. बाईंनी माझ्याकडे बघितलं, अगदी थोडा वेळ. मग तुझ्याकडे वळून म्हणाल्या, “हो मावशी. मीच सांगितलं. चुकलं माझं.”

“तुमी आमच्यात र्‍हाता,” तू म्हणालीस. “तुमाला तरी दिसायला पायजे होतं.” आणि गेलीस. त्या शुक्रवारपासून कोलंबी बंद झाली. बाईंनी मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. वर्षाच्या शेवटी त्यांची बदली झाली. निरोपाला गावातल्या बायका नारळ घेऊन आल्या, तू आली नाहीस. जाताना त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, “लिहीत राहा हं.” तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

पण त्या सोमवारच्या आधीचा रविवार सांगायचा राहिला. समारंभानंतरचाच रविवार होता. ओहोटीला तू मला खाडीत घेऊन गेलीस. चिखलात पाय रुतत होते. निवटे मासे उड्या मारत पळत होते. तिवरांची मुळं चिखलातून वर आलेली, आणि मुळामुळाला पिशव्या अडकलेल्या. पाणी दूर सरकून नुसतं चमकत होतं, आणि इतकं शांत होतं की चिखल फुटल्याचे बुडबुडे ऐकू यायचे. तू एकेक पिशवी ओढून काढत होतीस, झटकून माझ्यापुढे धरत होतीस. “ही वाच. कंची हाय?” मी वाचत गेले. दुधाची पिशवी, कुठल्याशा दूरच्या डेअरीची. खताच्या गोणीचा तुकडा. हिंदी अक्षरांचं बिस्किटाचं पाकीट. औषधाचं पाकीट. वाचून झालं की तू ते टोपलीत टाकायचीस. टोपली अर्धी भरली असेल, तेव्हा एक पातळ काळी पिशवी निघाली. मी उलटसुलट केली. “हिच्यावर काय नाय लिवलेलं.”

तू ती माझ्या हातातून घेतलीस. “मग ही माजी असंल,” म्हणालीस.

तिथेच, तिवराच्या बुंध्याला टेकून, तू मला पानवालीचं सांगितलंस. बोईसरच्या बाजारात तुझ्या शेजारी डोंगरातली एक बाई बसायची. सागाच्या पानांच्या गड्ड्या घेऊन यायची. तुम्ही सगळ्या जणी तिची पानं घ्यायच्यात आणि त्यांत मासळी बांधून द्यायच्यात. पुढे सरावलीच्या कामगार चाळींतली गिऱ्हाइकं वाढली. कामावरून दमून आलेली माणसं. गिऱ्हाइकं म्हणायची, “भाभी, थैली में दो ना, पानी टपकता है.” मग सगळ्यांनीच काळ्या पिशव्या ठेवल्या. तूही ठेवल्यास. पानवाली काही दिवस नुसतीच येऊन बसायची, पानं कोमेजली की उठून जायची. मग यायची बंद झाली. “तिचं गाव कंचं, तेपन इचारलं नाय मी,” तू म्हणालीस. मग माझ्याकडे बघून, रागावून नव्हे, कंटाळून नव्हे, जसं एखादं काम सांगावं तसं म्हणालीस, “लिवायचं तर समदं लिव.”

मी पालघरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना तू गेलीस. कावीळ झाली आणि दहा दिवसांत सगळं संपलं. त्या दहा दिवसांत मी तुझ्या उशाशी बसून होते, तू शुद्धीत होतीस, मोसंबीचा रस प्यायचीस. मला बोलता आलं असतं. लोक म्हणतात सांगायचं राहून गेलं. माझं राहून गेलं नव्हतं, मी ते ठेवून दिलं होतं.

नवं पुस्तक पानवालीचं आहे. एक मासे विकणारी, तिच्या शेजारी एक पानं विकणारी, आणि दोघींच्या दोन मुली. काळी पिशवी येते, पानवाली जाते, आणि मासेवालीची मुलगी तिच्या मुलीला शोधत डोंगराकडे निघते. वाटेत तिला खाडी दिसते, तिवरं दिसतात. संपादकांनी फोनवर विचारलं, “यात वाईट कोण आहे?” मी म्हटलं, कोणी एक नाही. “मुलांना कळेल?” मी कळेल म्हटलं, पण मला खात्री नव्हती.

मागच्या शनिवारी सरावलीच्या एका शाळेत मला ते वाचायला बोलावलं. कामगारांची मुलं, अर्धी मराठी बोलणारी, अर्धी हिंदी. मी दोन्ही मिसळून वाचत होते. काळ्या पिशवीच्या पानावर पुढ्यात बसलेल्या एका मुलीने हात वर केला. “ये थैली किसने फेंकी?”

“उसकी माँ ने,” मी म्हटलं.

“तो वो गंदी है?”

“नहीं,” मी म्हटलं.

तिने विचार केला. “मेरी मम्मी भी फेंकती है,” म्हणाली. “पर वो अच्छी है.” आणि मी पुढे वाचायची वाट न बघता तिने स्वतःच पान उलटलं. मुलांना पानवालीची मुलगी सापडते का ते बघायचं होतं. सगळी पुढे सरकून बसली. मी वाचत राहिले, आणि मला वाटत होतं मी अंगणात आहे, बांबूवर एकेक जोडी पडते आहे, आणि आता कुठल्याही क्षणी तू माझी चूक काढशील.

पुस्तकाची एक प्रत मी बाईंना पाठवली होती. जुन्या शाळेतून त्यांचा पत्ता मिळाला. आता निवृत्त झाल्यात, मुलीकडे राहतात. परवा त्यांचा फोन आला. आवाज तसाच. “टोपली अजून छान काढतेस,” म्हणाल्या. मी इतक्या वर्षांनी विचारलं, बाई, तुम्ही तेव्हा हो का म्हणालात?

“तुला संध्याकाळी तिच्याच घरी जायचं होतं ना,” त्या म्हणाल्या. “मला काय, माझ्या खोलीवर जायचं होतं.” मग विचारलं, “आईला सांगितलंस का कधी?”

“नाही.”

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “कोलंबीची मात्र फार आठवण यायची.” मग दोघींपैकी फोन कोणीच ठेवत नव्हतं.

म्हणून हे आज लिहिलं. ते चित्र बाईंनी सांगितलं नव्हतं, आये. त्यांनी मला बदल म्हणून सांगितलं होतं. ऑफिसात माझं काम आवक-जावकचं आहे, दिवसभर पत्रं नोंदवते, पाठवते. हे पाठवायचं नाही. तू असतीस तरी ते तुला वाचून मीच दाखवलं असतं. आणि खरं सांगायचं तर, बसमधल्या त्या वाक्यापाशी आल्यावर मी आवाज न बदलता ते गाळून पुढे वाचलं असतं. तुला अक्षर येत नव्हतं, याचा मला तेव्हाही आधार वाटायचा.