ओठांवरचं बोट

वसई, नोव्हेंबर २००७

प्रिय पास्कल,

"सेलिन, सावकाश बोल गो, तो तुज्या ओठांनी आयकतो," आई विहिरीपाशी भांडी घासता घासता म्हणायची. तुझे कान जन्मापासून बंद, आणि तुला माझेच ओठ वाचता यायचे. अंधारात तर तू त्यांच्यावर बोट ठेवून ऐकायचास. मी मात्र द्वाड. "आई गेली, आपल्याला सोडून गेली," असं सांगून तुला रडवायचे. मग माझ्या ओठाचा डावा कोपरा हळूच वर जायचा आणि तो दिसला की तू डोळे पुसून मला बुक्के मारायचास.

माझ्या लेकीच्या, सुझानच्या लग्नाच्या फोटोंसाठी मी तोंडाभोवतीच्या सुरकुत्यांवर इंजेक्शनं घेतली, तेव्हा "नवरी तू आहेस का?" असं तू खुणेनं विचारलंस. आठवड्यात ओठ परके झाले. मुंग्या यायच्या, चहा हनुवटीवर ओघळायचा, तुझ्या नावातला 'प' फुटायचा नाही. डावा कोपरा तेवढा वर ओढलेला. औषध जरा सरकलंय, काही महिन्यांत उतरेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आई हसली, "लग्नात तूच हसरी दिसशील गो."

लग्नाआधीच आई गेली. आदल्या संध्याकाळी केळींना पाणी घालत होती ती. तुला सांगायला वालीवच्या कारखान्यात मीच आले, दुसऱ्या कुणाचं तुला कळलं नसतं. "आई गेली," मी म्हटलं. तू माझ्या ओठांकडे, त्या वर ओढलेल्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलंस, ग्रीस लागलेल्या हातानं 'जा' अशी खूण केलीस आणि लेथकडे वळलास. मला वाटलं, तुला एकट्यानं रडायचंय. घरी सगळ्यांना मीच सांगितलं, त्याला कळलंय, येईल. पेटी बंद करण्याआधी एकेकानं आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं. फादर किती थांबणार? कारखाना सुटल्यावर तू डबा हलवत आलास, तेव्हा अंगणातली बाकडी उचलत होते.

औषध कधीच उतरलं. सुरकुत्या परत आल्या, 'प' फुटतो. पण दिवसभर ओठांवर कुणीतरी बोट ठेवल्यासारखं वाटतं. लहान, ओलं बोट. बोलायला गेले की ते दाबतं. त्या दिवसापासून तू माझ्या तोंडाकडे पाहतच नाहीस, म्हणून हे लिहिलं. रविवारी चर्चमध्ये आईची वर्षाची मिस्सा आहे. नंतर दफनभूमीत थांब. डोळे मीट आणि माझ्या ओठांवर बोट ठेव. मला तुला 'आई गेली' हे पुन्हा एकदा सांगायचंय. तू मान हलवून नाहीच म्हणशील. तरी थांब.

तुझीच,
सेलिन